नाशिकहून कारवारच्या नेव्ही बेसला शिफ्ट होताना: सारखे विचारले जाणारे प्रश्न

माझे मिस्टर नेव्हीत सेलर आहेत, आम्ही मूळचे नाशिकरोडचे. जून २०२२ ते मे २०२५ अशी तीन वर्षं कारवारला काढली, आणि आता पुढच्या ठिकाणी क्वार्टर मिळेपर्यंत मी मुलांना घेऊन इथे सासरी आहे. आल्यापासून कुणाच्या ना कुणाच्या ओळखीने फोन येतातच, सिन्नरहून, निफाडहून, ओझरहून, "ताई, आमच्या ह्यांची कारवारला पोस्टिंग आलीय, कसं आहे हो तिकडे?" दर वेळी तेच सांगते आणि दर वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं, मग रात्री आठवतं. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. माझा अनुभव सेलरच्या घरातला आहे, ऑफिसरांच्या घरी थोडंफार वेगळं असू शकतं.

कारवार नक्की कुठे आलं? गोव्यात ना?

नाही, कर्नाटकात. उत्तर कन्नड जिल्ह्याचं मुख्य गाव. गोव्याची हद्द ओलांडून थोडं पुढे गेलं की काळी नदी लागते, अलीकडे सदाशिवगड, पूल ओलांडला की कारवार. आपल्याकडच्या जुन्या माणसांना नाव चांगलं माहितीये, "बेळगाव, कारवार, निपाणी" हे संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेत होतंच, आणि १९५६ पर्यंत हा सगळा भाग मुंबई राज्यात होता. माझ्या सासऱ्यांना पोस्टिंगचं सांगितलं तर त्यांनी पहिल्यांदा ती घोषणाच म्हणून दाखवली. आणि त्याहून जुनं म्हणजे १६६५ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराज बसरूरची मोहीम करून परत येताना गोकर्णला जाऊन कारवारवरूनच आले होते, तिथल्या इंग्रजांच्या वखारीकडून खंडणी घेतली होती. मुलीला हे सांगितलं तेव्हा तिची जायची कुरकुर निम्मी कमी झाली.

बेस गावातच आहे का? आणि एवढा मोठा बेस तिथेच का केला?

गावात नाही. गावाच्या दक्षिणेला हायवे धरून गेलं की बिणगा, अर्गा, अमदळ्ळी ही गावं लागतात, त्या पट्ट्यात. आयएनएस कदंब हे नाव. बनवासीचं कदंब घराणं याच जिल्ह्यातलं, त्यावरून ठेवलंय.

का केला त्याचं मिस्टरांनी सांगितलेलं कारण असं की मुंबईत नेव्हीची जहाजं, व्यापारी जहाजं, मच्छीमारांच्या बोटी सगळं एकाच बंदरात दाटीवाटीने, ७१ च्या युद्धानंतर हे फार जाणवायला लागलं, म्हणून फक्त नेव्हीचं असं बंदर हवं होतं. नेव्हीचे माजी प्रमुख ॲडमिरल डॉसन यांच्या डोक्यात ही जागा होती. खोल पाणी, मागे डोंगर आणि पुढे अंजदीवसारखी बेटं, म्हणजे निसर्गानेच आडोसा केलेला. २४ ऑक्टोबर १९८६ ला राजीव गांधींनी पायाभरणी केली, मग पैशाअभावी बरीच वर्षं रखडलं आणि ३१ मे २००५ ला कदंब कमिशन झालं. विमानवाहू जहाज आयएनएस विक्रमादित्यचा मुक्काम इथेच. काम अजून चालूच आहे, ५ एप्रिल २०२५ ला राजनाथसिंह येऊन दोन हजार कोटींच्या वरच्या कामांचं उद्घाटन करून गेले, आम्ही तेव्हा तिथेच होतो, आदल्या आठवड्यापासून रस्ते काय धुतले, झाडं काय रंगवली, विचारू नका.

नाशिकहून जायचं कसं?

मंगला एक्सप्रेस. हजरत निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाते ती, नाशिकरोडला बसायचं आणि थेट कारवारला उतरायचं, मध्ये गाडी बदलायची भानगड नाही. हे आपलं नाशिककरांचं नशीबच समजा, पुण्याच्या लोकांनासुद्धा एवढं सोपं नाही. फक्त रिझर्वेशन फार आधी करा, दिल्लीपासून केरळपर्यंतचे लोक त्यात असतात, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, तेव्हा आधीच्या वेळेवर विसंबून कुणाला स्टेशनवर बोलावून ठेवू नका. मिस्टरांचं वॉरंटवर, म्हणजे सरकारी प्रवासपत्रावर, तिकीट असेल तर ते कागद ऑफिसातून वेळेत घ्या.

स्टेशन शिरवाडला आहे, गावाच्या बाहेर, तिथून बेस आणखी लांब. लहान मुलं, बॅगा घेऊन उतरणार असाल तर मिस्टरांच्या युनिटमधून कुणी येतंय का ते आधीच ठरवा.

गाडीने जायचं तर नाशिक-पुणे-कोल्हापूर-बेळगाव, मग एकतर गोव्यातून किंवा हुबळीवरून अंकोल्याला उतरून. सातशे ते आठशे किलोमीटर पडतं. लहान मुलं असतील तर कोल्हापूरला मुक्काम करा, एका दमात जाऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र घाटातून गाडी नेऊ नका असं मी हात जोडून सांगेन. १६ जुलै २०२४ ला अंकोल्याजवळ शिरूरला हायवेवर डोंगर खाली आला, माणसं गेली, रस्ता कितीतरी दिवस बंद. आणि जेमतेम तीन आठवडे झाले तर ७ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर काळी नदीवरचा जुना पूल पडला. एक ट्रक सरळ नदीत गेला, ड्रायव्हरला मच्छीमारांनी आणि पोलिसांनी वाचवलं. मुलीच्या मैत्रिणीचे बाबा आदल्या दिवशी संध्याकाळी त्याच पुलावरून गोव्याहून आले होते. त्यामुळे पावसात निघायच्या आधी रस्ता चालू आहे का हे तिथल्या माणसाला फोन करून विचाराच.

सामान कधी हलवावं?

मुलांच्या शाळेचा विचार करून सगळे मे-जूनमध्येच हलवतात, आम्हीही तेच केलं आणि तिथेच फसलो. पॅकर्सवाल्याने मे अखेरची तारीख दिली, ट्रक सुटला ७ जूनला, पोचला १२ ला, आणि वरची ताडपत्री फाटलेली. गाद्या ओल्या, कपाटाचा प्लायवूड फुगलेला, आणि माझ्या आईने उन्हाळाभर राबून केलेले उडदाचे पापड, कुरडया, सांडगे, दोन डबे भरून, त्यातला एक पूर्ण गेला. तो डबा उघडला तेव्हा जो वास आला तो अजून नाकात आहे. आईला मी वर्षभर सांगितलं नाही.

तर शक्य असेल तर सामान मेच्या पहिल्या पंधरवड्यात हलवा. लाकडी फर्निचर शक्यतो नेऊच नका, इथेच सासरी ठेवा. लोखंडी कॉट, प्लास्टिकची कपाटं, स्टीलचे डबे घट्ट झाकणाचे हेच तिकडे टिकतं. ट्रकची पावती, सामानाची यादी, पैसे बँकेतून दिल्याचा पुरावा सगळं जपून ठेवा, क्लेमला लागतं. बदलीचा ग्रँट मूळ पगाराच्या ८० टक्के मिळतो पण त्यासाठी कागद नीट लागतात आणि आमच्या ओळखीत एकांचे पैसे पावतीवर तारीख नाही म्हणून सहा महिने अडकले.

क्वार्टर लगेच मिळतं का?

बऱ्याचदा नाही. वेटिंग लिस्ट असते, सीनियॉरिटीवर चालते, नवे टॉवर्स झाल्यापासून पुष्कळ फरक पडलाय पण तरी काही महिने बाहेर राहायची तयारी ठेवा. मिस्टरांनी रिपोर्ट केल्या केल्या अर्ज टाकायला सांगा, एक दिवससुद्धा घालवू नका, नंबर तारखेवर ठरतो.

बाहेर राहायचं तर लोक अमदळ्ळी, बिणगा किंवा गावात कोडीबागच्या बाजूला खोल्या बघतात. एचआरएचा, म्हणजे घरभाडे भत्त्याचा, हिशोब आधी करून ठेवा, त्यासाठी शहरांच्या कॅटेगरी असतात, नाशिक वाय कॅटेगरीत आहे आणि कारवार झेडमध्ये, म्हणजे सध्याच्या दराने इथे २० टक्के तर तिकडे १०.

आम्ही पहिले पाच महिने अमदळ्ळीत एका बाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहिलो. तेव्हा वाटायचं कधी एकदा क्वार्टर मिळतंय. आता विचाराल तर ते पाच महिने मिळाले हे बरंच झालं, का ते पुढच्या प्रश्नात लिहिते.

तिथले लोक नेव्हीवाल्यांवर नाराज असतात हे खरं का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात पण सगळ्यांनी विचारायला हवा.

आपण ज्या जागेवर राहायला जातो ती रिकामी नव्हती. सीबर्ड प्रोजेक्टसाठी, म्हणजे या बेससाठीच, तिथल्या तेरा गावांमधली चार हजारांवर कुटुंबं उठली. घरं, नारळी, भातखाचरं, देवळं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे समुद्राची वाट. शेतकऱ्याला दुसरी जमीन देता येते, मच्छीमाराला दुसरा किनारा कुठून देणार? पुनर्वसनाच्या वसाहती झाल्या, पण वाढीव मोबदल्यासाठी लोक वर्षानुवर्षं कोर्टात फिरले. तिकडे त्यांना "सीबर्ड निराश्रित" म्हणतात, पेपरात पण तोच शब्द येतो. आमच्या घरमालकीण बाई त्यातल्याच. नेव्हीने घर घेतलं त्या बाईच्या घरात नेव्हीवाला भाड्याने राहतो, हे मला कळायलाच दोन महिने लागले.

एकदा संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला आम्ही दोघी होतो. त्यांनी हात करून दाखवलं, तो डोंगर दिसतो ना, त्याच्या पलीकडे आमचं अंगण होतं, अंगणातून थेट वाळूत. मग म्हणाल्या, देशासाठी दिलं, त्याचं दुःख नाही, पण लग्न करून आले ते घर नातवाला दाखवता येत नाही. त्या कोकणीत बोलत होत्या आणि मला शब्द अर्धेच कळत होते, पण त्यांचा हात बराच वेळ तसाच त्या दिशेला होता.

आपल्याकडे समृद्धी महामार्गासाठी सिन्नर-इगतपुरीच्या ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरी जाऊन आलेल्याला हे वेगळं समजवायची गरज नाही. तर नाराजी आहे का? सरकारवर आहे, आणि ती बरोबर आहे. तुमच्यावर नाही, तुम्ही नीट वागलात तर. नेव्हीच्या काही बायका बाजारात "ये लोकल लोग" असं मोठ्याने बोलताना मी ऐकलंय आणि मला खूप लाज वाटली. ज्यांच्या अंगणात आपलं क्वार्टर आहे त्यांच्याबद्दल असं बोलू नये. गेटच्या बाहेर पडा, लोकांशी बोला, विचारा तुमचं जुनं गाव कुठलं. फार भरभरून सांगतात.

भाषेचं काय? कन्नड येत नाही.

कारवारात कोकणी चालते, आणि मराठी बहुतेकांना समजते, जुन्या माणसांची तर शाळाच मराठीत झालेली असते. आमच्या घरमालकीण बाईंकडे मराठी पोथ्या होत्या, श्रावणात वाचायच्या. त्यामुळे भांबावून जाऊ नका, मराठीत सुरुवात करा, हळूहळू बोला, काम होतं. अंकोल्याच्या पुढे गेलं किंवा सरकारी ऑफिसात गेलं की कन्नडच.

पण थोडं शिकाच. "एष्टु" म्हणजे किती, "बेडा" म्हणजे नको, "साकु" म्हणजे पुरे, "ऊटा आयता" म्हणजे जेवण झालं का. कोकणीत "कशें आसा?" एवढं विचारलं तरी समोरचा माणूस हसतो. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता, सहा महिन्यांत खालच्या मुलांबरोबर खेळून फडाफडा कोकणी बोलायला लागला आणि आता नाशिकमध्ये कुणी बोलत नाही म्हणून विसरायला लागलाय, त्याचं मला वाईट वाटतं.

मुलांच्या शाळेचं कसं करायचं?

केंद्रीय विद्यालय आणि नेव्ही चिल्ड्रन स्कूल हे दोनच पर्याय बहुतेक जण बघतात. तुमचं मूल इथे देवळालीच्या वगैरे केव्हीत असेल तर बदलीच्या आधारावर केव्हीतून केव्हीत जाणं सगळ्यात सोपं, टीसी आणि मिस्टरांची बदलीची ऑर्डर लागते. राज्य बोर्डातून जाणार असाल तर सीबीएसईशी जुळवून घ्यायला एक वर्ष जातं, हे धरून चला. माझी मुलगी इथे मराठी मीडियमला तिसरीपर्यंत होती. पहिली टर्म रोज रडायची. गणित यायचं, पण प्रश्नच कळायचा नाही. मी रात्री तिच्यासोबत बसून प्रत्येक गणित आधी मराठीत वाचून घ्यायचे, मग इंग्रजीत, आणि दिवाळीनंतर गाडी रुळावर आली. दहावी-बारावीचं मूल असेल तर मात्र नीट विचार करा, ते वर्ष संपवूनच हलवा.

पाऊस खरंच एवढा असतो?

हो. नाशिक शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पडतो, कारवारला तीन हजारांच्या घरात. गंगापूर धरण भरलं का, पाणी सोडलं का, रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर आपला पावसाळा मोजणारी माणसं आपण, तिकडे जूनमध्ये सुरू झाला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. कपडे वाळत नाहीत. भिंतींना बुरशी. चामड्याचे बूट, बेल्ट, पर्स पांढरे पडतात. मिस्टरांचा युनिफॉर्म आणि त्याचे बूट हा जुलै महिन्यातला रोजचा विषय. कपाटात एक कमी पॉवरचा बल्ब लावून ठेवायची युक्ती मला शेजारच्या मल्याळी वहिनीने शिकवली, त्याने खूप वाचतं. डाळी, रवा, मैदा फ्रिजमध्ये. मीठ भाजलेल्या तांदळाबरोबर. आणि साप निघतात, मागे जंगलच आहे, मुलांना बूट झटकून घालायची सवय लावा.

आपल्याकडची थंडी मात्र विसरा. स्वेटर, दुलया, गोधड्या न्यायच्या नाहीत, नुसत्या कुबट होतात. डिसेंबरात इथे निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या यायच्या आणि आम्ही तिकडे पंखा लावून झोपायचो.

गाडीचं एमएच १५ पासिंग चालतं का?

बारा महिन्यांपर्यंत चालतं, त्यानंतर तिथे नोंदणी करून केए ३० करावं लागतं, त्यासाठी नाशिक आरटीओची एनओसी लागते आणि कर्नाटकात टॅक्स भरावा लागतो, तो काही थोडाथोडका नसतो. नवीन गाडी घेणार असाल तर २०२१ पासून जी बीएच (भारत) सिरीज सुरू झालीय ती घ्या, ती डिफेन्सवाल्यांना मिळतेच, टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि दर बदलीला आरटीओच्या चकरा नाहीत. जुनी गाडीसुद्धा बीएचमध्ये बदलून घेता येते. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर बरेच पैसे वाचले असते.

दवाखान्याची सोय कशी आहे?

बेसवर नेव्हीचं हॉस्पिटल आहे, आयएनएचएस पतंजली. नेहमीची आजारपणं, बाळंतपणं तिथे होतात. गावात सरकारी मेडिकल कॉलेज पण आहे. पण हार्टचं, मेंदूचं असं काही मोठं असेल तर गोवा, मणिपाल किंवा मंगळूर गाठावं लागतं, जिल्ह्यात सुपरस्पेशालिटी हॉस्पिटल व्हावं म्हणून तिथल्या लोकांची किती वर्षांची मागणी आहे. घरात कुणाला असा त्रास असेल तर हे लक्षात घेऊनच ठरवा. आणि जाण्याआधी बायको-मुलांची नावं सर्व्हिस रेकॉर्डमध्ये चढलेली आहेत ना, डिपेंडंट कार्ड झालंय ना ते बघा, नाहीतर ऐनवेळी दारात उभं राहावं लागतं.

फोटो काढलेले चालतात का? घरच्यांना व्हिडिओ कॉल?

घरातून व्हिडिओ कॉल करा, त्याला कुणी नाही म्हणत नाही. पण बेसच्या आत, जेट्टीकडे, जहाजांकडे, गेटवर फोटो नाही म्हणजे नाही. स्मार्टफोन आणि सोशल मीडियावर नेव्हीने २०१९ च्या डिसेंबरपासून कडक नियम केलेत, आणि ते कारणाशिवाय नाहीत. २०२५ च्या फेब्रुवारीत कारवारमधूनच बेसची माहिती बाहेर दिल्याच्या संशयावरून एनआयएने, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थेने, दोघांना पकडलं. फेसबुकवर ओळख, गोड बोलणं, थोडे पैसे, अशीच सुरुवात असते.

मी बायकांना मुद्दाम सांगते कारण चूक आपल्याकडून फार साधेपणाने होते. "हे उद्या निघतायत, महिनाभर नाहीत" असं आपण फॅमिली ग्रुपवर सहज टाकतो. मामेभाऊ ते वाचतो, तो त्याच्या मित्राला सांगतो. म्हणजे कुठलं जहाज कधी निघालं हे आपणच गावभर सांगितलं ना! मी घरच्यांशी ठरवून टाकलं होतं, सासूबाई फोनवर "तो आहे का घरी?" असं विचारणारच नाहीत, मी म्हणेन "सगळे बरे आहेत", तेवढंच. सुरुवातीला त्यांना तुटक वाटलं, मग कळलं. त्या जहाजावर आपलंच माणूस असतं, एवढं डोक्यात ठेवा.

मिस्टर सेलला, म्हणजे जहाजावर समुद्रात, गेल्यावर एकटीने कसं करायचं?

बाकी सगळं जमतं, खरं अवघड हेच.

पहिल्यांदा ते गेले तेव्हा क्वार्टर मिळून पंधरा दिवस झाले होते. फोन बंद, कधी लागेल माहीत नाही, बाहेर धो धो पाऊस, आणि मुलाला ताप. रात्री दीडला समोरच्या ओडिशाच्या वहिनीचं दार वाजवलं. तोपर्यंत आमचं नुसतं हसण्यापुरतं होतं. तिने एक प्रश्न विचारला नाही, रेनकोट चढवला, माझ्या मुलीला तिच्या मुलांशेजारी झोपवलं आणि माझ्यासोबत हॉस्पिटलला आली. तिचे मिस्टरसुद्धा त्याच जहाजावर होते. सकाळी परत आल्यावर तिने पखाळ म्हणजे पाण्यातला भात दिला, मी तो पहिल्यांदा खाल्ला.

म्हणून सांगते, गेल्या गेल्या मजल्यावरच्या चारही घरांची दारं वाजवा, आपण नवीन म्हणून कुणी येईल याची वाट बघू नका. जहाजाच्या फॅमिली ग्रुपचा आणि वेल्फेअर असोसिएशनचा नंबर पहिल्या आठवड्यात घ्या. एटीएम, लाईट बिल, गॅस, मुलांची फी, विम्याचे हप्ते हे सगळं तुम्हाला करता आलं पाहिजे, पासवर्डसकट. मिस्टर घरी असतानाच एक महिना सगळं तुम्ही करा, त्यांना फक्त बघू दे. स्कूटी येत नसेल तर नाशिकमध्येच शिकून जा, तिकडे रिक्षा लगेच मिळत नाही.

आणि नवरा परत येतो तेव्हा घराची घडी परत विस्कटते, हे पण कुणी सांगत नाही. मुलं माझं ऐकायला शिकलेली असतात, मग दोघांचं ऐकायला आठवडा जातो. तसं झालं तर आपलं काही बिघडलंय असं समजू नका, सगळ्यांच्या घरात होतं.

मला नोकरी मिळेल का?

बीएड असेल तर शाळांमध्ये संधी आहे, केव्हीत कंत्राटी शिक्षकांचे इंटरव्ह्यू साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. बाकी सातपूर-अंबडसारखी एमआयडीसी तिकडे नाही. घरून काम असेल तर नेट चालतं, पावसात दगा देतं. आमच्या बिल्डिंगमध्ये दोघी शिवणकाम करायच्या, एक केक, त्यांचं छान चालायचं.

बाजार, भाजी, मासे?

नेव्हीच्या कॅन्टीनमध्ये, म्हणजे तिथल्या दुकानात, किराणा मिळतो. रविवारी कारवारात आठवडी बाजार भरतो, तिथे जाच, आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका लाल माठ, गावठी काकड्या, सुरण, कोकमं घेऊन बसतात. आपल्यासारखी भाजी मात्र नाही, नाशिकच्या भाजीची सवय असलेल्याला मेथी, कोथिंबीर बघून रडू येईल, आणि ज्वारी-बाजरीचं पीठ सहज मिळत नाही, दळून न्या. मे महिन्यात अंकोल्याचा करी इशाड आंबा खा, २०२३ ला त्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, पातळ सालीचा, रसाळ, आणि पटकन संपतो.

मासे खाणाऱ्यांची मजा आहे. आपल्याकडे समुद्राचा मासा बर्फातून येतो, तिकडे सकाळी टोपलीतला बांगडा कडक असतो, कल्ले लालभडक. वजनावर नाही, वाट्यावर विकतात, पाच-सहा बांगड्यांचा एक वाटा. घासाघीस करा पण माशाला बोटाने दाबून दाबून टाकून देऊ नका, त्यांना ते आवडत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा सुकट, सुका बांगडा आणि नदीतले शिंपले, त्यांना तिकडे तिसऱ्या म्हणतात.

मुलांना समुद्रात सोडावं का?

जून ते सप्टेंबर पायसुद्धा नाही. आपण गोदावरीला पोहणारी माणसं, समुद्र वेगळा असतो, लाट परत जाताना ओढते. इतर वेळी टागोर बीचवर संध्याकाळी जा, तिथे आयएनएस चपळ ही जुनी मिसाईल बोट म्युझियम करून ठेवलीय, मुलं आत फिरतात. रवींद्रनाथ टागोर तरुणपणी भावाकडे इथे राहिले होते, भाऊ जिल्हा न्यायाधीश होते, म्हणून ते नाव.

म्हाताऱ्या आई-वडिलांना तिकडे न्यावं का?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी न्या. पावसात नको, गुडघे धरतात, आणि एप्रिल-मेच्या घामाने ते कंटाळतात. आमच्या सासूबाई पहिल्यांदा आल्या त्या दर चार दिवसांनी "मला मंगलात बसवून द्या" म्हणायच्या. मग त्यांना गोकर्णला नेलं, तासाभराचा रस्ता. त्र्यंबकेश्वरच्या वाऱ्या केलेल्या बाई त्या, महाबळेश्वराच्या आत्मलिंगाला हात लावून बाहेर आल्या आणि समोर समुद्र बघून तिथेच पायरीवर बसल्या, अर्धा तास उठल्या नाहीत.

त्यानंतर त्यांचं मन लागलं. अमदळ्ळीहून एक मासेवाली यायची, गेटच्या बाहेर बसायची, सासूबाई रोज सकाळी नातवाचा हात धरून तिच्याकडे. ही मराठीत, ती कोकणीत. घर कुठलं, मुलं किती, सून कशी आहे, सगळं एकमेकींचं कळलं होतं. निघायच्या दिवशी तिने वाट्यात दोन बांगडे जास्त घातले आणि सासूबाईंनी तिला नाशिकच्या मनुकांची पिशवी दिली. आता इथे ऑगस्ट लागला की त्या मला स्वयंपाकघरातून विचारतात, "बंदी उठली असेल ना गं आता, ती बसत असेल ना परत?"